तोंडाची दुर्गंधि आणि जिभेची स्वच्छता

आजचा विषय चारचौघांत सहसा निघत नाहीं. एखाद्याच्या सदऱ्यावर डाग पडला तर आपण त्यास तो दाखवितों. परंतु त्याच्या तोंडास दुर्गंधि येत असली तर किंचित् मागें सरतों आणि गप्प बसतों. गोष्ट ऐकावयास जवळ घेतलेलें नातवंड तोंड कां फिरवितें, हें आजोबांना कोणी सांगत नाहीं. नित्याच्या वासाची नाकास संवय होते. त्यामुळें ज्याचें त्यास हें कळणेंहि कठीण!

ही दुर्गंधि पोटांतून येते अशा समजुतीनें पुष्कळ लोक रेचकें आणि चूर्णें घेत बसतात. वस्तुतः बहुतेक वेळां तिचें मूळ तोंडांतच असतें. १६८३ सालीं हॉलंडमधील डेल्फ्ट येथील लेव्हेनहूक यानें आपल्या दातांच्या फटींतला मळ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां त्यांत वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव त्यास दिसले. असे जंतु आपणां सर्वांच्याच तोंडांत असतात. अन्नाचे कण व मृत पेशी यांतील प्रथिनें ते कुजवितात व त्यांतून गंधकयुक्त वायु निघतात. त्यांपैकीं एकाचा वास तर थेट कुजक्या अंड्यासारखा असतो. लाळेनें तोंड सतत धुतलें जातें. परंतु झोपेंत ती कमी सुटते, म्हणून सकाळीं दुर्गंधि अधिक जाणवते. निर्जळी उपासांत तोंड कोरडें पडतें, तेव्हांहि असेंच होतें.

या जंतूंचें मुख्य ठाणें म्हणजे जिभेचा मागील भाग. चरकसंहितेंत जिभेच्या मुळाशीं सांचणारा मळ हें दुर्गंधीचें कारण सांगितलें असून, तो काढण्यासाठीं सोनें, रुपें, तांबें इत्यादि धातूंच्या पट्ट्या सुचविल्या आहेत. आपण मात्र दात घासतों आणि जीभ विसरतों! वर वेलदोडा किंवा लवंग चघळतों. त्यानें वास क्षणभर झांकला जातो; मळ जागच्या जागींच राहतो.

मग करावें काय? दिवसांतून दोनदां, मऊ ब्रशानें व फ्लोराइडयुक्त पेस्टनें, दोन मिनिटें दात घासावे. त्यांतहि रात्रीं निजण्यापूर्वींचें घासणें कधीं चुकवूं नये. दातांच्या फटी खास दोऱ्यानें किंवा बारीक ब्रशानें साफ कराव्या. जीभ मागून पुढें, हलक्या हातानें खरवडावी. रक्त येईपर्यंत नव्हे. जेवणानंतर खळखळून चुळा भराव्या व दिवसभर पुरेसें पाणी प्यावें. कवळी असल्यास ती रात्रीं काढून स्वच्छ करावी. मशेरीनें दात स्वच्छ होतात हा भ्रम सोडावा. ती तंबाखूच आहे, आणि तंबाखूनें दुर्गंधि तर वाढतेच, शिवाय हिरड्यांचे विकार व तोंडाचा कर्करोगहि ओढवतो.

इतकें करूनहि कांहीं आठवड्यांत फरक न पडल्यास किंवा हिरड्यांतून रक्त येत असल्यास दंतवैद्यांस दाखवावें. किडलेला दात किंवा हिरड्यांचा रोग घरच्या उपायांनीं हटत नाहीं. क्वचित् टॉन्सिल, नाकाच्या आसपासच्या पोकळ्या, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार हींहि कारणें असूं शकतात. कांहीं औषधांनींहि तोंड कोरडें पडतें.

आपल्या तोंडास वास येतो कीं नाहीं, हें पाहण्याचा खात्रीचा मार्ग एकच: घरांतील विश्वासाच्या माणसास विचारावें. आणि ज्यास विचारलें त्यानें संकोच न करितां, एकांतांत, मायेनें खरें तें सांगावें. सदऱ्यावरचा डाग दाखविणारा आपणांस शत्रु वाटत नाहीं. मग हा तरी कां वाटावा? दोन शब्दांचा हा संकोच सुटला, तर आजोबांची गोष्ट नातवंड त्यांच्या मांडीवर बसून पुरी ऐकेल.