पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हाती

शेतात पीक उभे असावे आणि दप्तरी मात्र तीच जमीन पड दिसावी, असा प्रसंग आला म्हणजे सात-बाऱ्यावरील एका ओळीचे मोल कळते. आधारभूत किमतीने भात विकावयास नेले, तर पीकपेऱ्याची नोंद मागितली जाते. नोंद नसेल, तर भरल्या खळ्याचाही उपयोग होत नाही.

पूर्वी ही नोंद तलाठी करीत. गावे अनेक, माणूस एक. प्रत्येक बांधावर त्याचे पाऊल पडणे कठीणच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि हे काम खातेदाराच्या हाती आले. प्रत्येकाने आपला तुकडा नोंदवावा व त्यांतून राज्याचे पीकचित्र उभे राहावे, हे त्यामागील तत्त्व आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा नकाशाही २००४ पासून स्वयंसेवकांनी याच रीतीने रचला आहे.

मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र व सिंचनाचे साधन भरावे आणि शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे. त्यासोबत अक्षांश-रेखांश नोंदले जातात. म्हणून घरी बसून नोंद करू नये.

पालघर जिल्ह्यातील शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानी धराव्यात. हळवे भात आधी कापणीस येते. त्याची नोंदही आधी करावी. वरकस जमिनीतील नागली व वरई भातात मिसळू नये. त्यांचे क्षेत्र वेगळे दाखवावे. बांधावरील झाडे विसरू नयेत. बोईसर-तारापूर भागात पुष्कळ खातेदार कारखान्यात पाळीवर जातात. त्यांनी सुट्टीचा एक दिवस, पीक उभे असतानाच, या कामासाठी राखावा.

ज्यांच्याजवळ तसा फोन नाही, अशा आदिवासी व वृद्ध खातेदारांना गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी साहाय्य करावे. सात-बारा आता महाभूलेख संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. तो उघडून चावडीवर मोठ्याने वाचावा. ज्याचे शेत त्याच्या कानी नोंद पडली, म्हणजे चूक तेथेच उमगते आणि मुदतीत दुरुस्तीसाठी ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे जाता येते.