पंपाचा आकडा आणि आतले कुलूप



उसाची गाडी काट्यावर चढण्याआधी काटा शून्यावर आहे ना, हे आपण पाहतोच. पण तोच ट्रॅक्टर डिझेलसाठी पंपावर उभा राहिला, की आपण खाली उतरून गप्पा मारत बसतो. डिझेलचे पैसे काय झाडाला लागतात?

मागच्या हंगामात पंपावर एका सभासदाचा आवाज चढला. "वीस लिटरच्या कॅनमधी एकवीस लिटर बसलंच कसं?" पंपावरचा पोरगा गोंधळला. शेवटी पाच लिटरचे प्रमाणित माप आणून तपासले, तर पंप बरोबर! कॅनवर वीस लिहिलेले असले, तरी ते तोंडापर्यंत भरले की जास्त मावते. कॅन म्हणजे माप नव्हे. मात्र त्यांनी विचारले, हे उत्तमच केले. म्हणूनच हे यंत्र समजून घेऊ.

पंपाच्या तोंडावर रक्कम, लिटर आणि दर असे तीन आकडे दिसतात. नळी उचलली की रक्कम व लिटर शून्यावर आलेच पाहिजेत. मागच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच असेल, तर भरू देऊ नका. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलू शकतो, म्हणून फलकावरचा दर व पंपावरचा दर जुळवून पाहावा. समजा दर ९० रुपये आणि डिझेल ३५ लिटर, तर ३१५० रुपयेच आले पाहिजेत. लिटर किंवा रक्कम आधी बटणे दाबून ठरवता येते. तेवढे भरले की पंप आपोआप थांबतो. मध्येच वीज गेली, तरी शेवटचा आकडा काही वेळ टिकतो. तो लगेच लिहून घ्यावा.

आता आतले कुलूप. या यंत्रात कुणी काय करावे याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. नळी धरणाऱ्याने फक्त लिटर किंवा रुपये घालायचे. दर बदलणे आणि हिशेब काढणे ही कामे पासवर्ड असलेल्या व्यवस्थापकाची. काही पंपांवर दर थेट तेल कंपनीकडूनच बदलला जातो. यंत्रात एकूण विक्रीचा एक आकडा सतत वाढत जातो. तो सकाळ-संध्याकाळ लिहून टाकीतल्या साठ्याशी ताडून पाहिला, की चोरी असो वा गळती, लपत नाही.

तिसरी पायरी सर्वांत नाजूक. किती तेल गेले म्हणजे एक लिटर मोजायचा, ही जुळवणी सीलच्या आत असते. ते सील वैधमापन खात्याचे. त्याला व्यवस्थापकानेही हात लावायचा नाही. २०१७ साली उत्तर प्रदेशात चिप बसवलेले पंप सापडले आणि त्याच वर्षी ठाणे पोलिसांनीही आपल्या राज्यात पंपांवर छापे घातले. बाहेरचा आकडा चोख, पण आत मापात पाप! म्हणून सील तुटलेले दिसले, तर गप्प बसू नये.

आणि पासवर्ड चार जणांना ठाऊक झाला, की तो पासवर्ड राहत नाही. कागदावर लिहून दाराला चिकटवला, तर कुलपालाच किल्ली बांधून ठेवल्यासारखे झाले. माणूस बदलला की पासवर्ड बदललाच पाहिजे. आपला पंप आपल्या सर्वांच्या मालकीचा आहे. सभेत हे विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे.

शंका आली, तर पाच लिटरचे माप मागा. ते पंपावर ठेवणे बंधनकारक आहे. माप आधी डिझेलने ओले करून निथळावे, सपाट जागी ठेवावे आणि मग पाच लिटर भरावे. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक कायद्याने चालतो, त्याहून कमी भरले तर नाही. पाच लिटरला २५ मिलिलिटर म्हणजे शंभर लिटरला अर्धा लिटर. पंपाची सरकारी तपासणी दर वर्षी होते. तिचा दाखला लावलेला आहे का, तेही पाहावे.

यात कुणावर अविश्वास नाही. माप मागितल्याने प्रामाणिक माणसाचा मान वाढतोच. तेव्हा उद्या डिझेल भरताना गप्पा जरा बाजूला ठेवा आणि आधी शून्य पाहा!