विश्लेषण : ‘सिग्मा’ ते ‘कॅप्टन व्योम’… जुन्या विज्ञानमालिका चाहत्यांमुळे वाचतात का?

रस्ते ओस पाडण्याची ताकद ‘रामायण’ आणि ‘महाभारत’मध्ये होती, हे दूरदर्शनच्या काळातील कोणीही सांगेल. त्याच सुमारास, १९८९च्या आसपास, अंतराळातील वसाहतीची गोष्ट सांगणारी ‘स्पेस सिटी सिग्मा’ नावाची मालिका लागत असे. तिच्यासाठी कुठलाही रस्ता ओस पडला नाही. मात्र आज पन्नाशीकडे झुकलेल्या अनेकांना कॅप्टन तारा आणि जखाकू ही नावे ऐकली, की शाळेचे दप्तर आठवते. त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, या मालिकांचा प्रेक्षक काही कमी नव्हता. खुलताबादजवळ म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा आणि पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडीओकॉनचा कारखाना. ज्या शहराच्या वेशीवर रंगीत टीव्ही तयार होत, तेथील मुले परग्रहावरच्या गोष्टींसाठी डोळे लावून बसत यात नवल नाही. प्रश्न आहे तो पुढचा. मालिका संपली, संच भंगारात गेला, व्हिडीओकॉनही २०१८मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मग त्या मालिकांचे काय झाले आणि त्या जपण्यात चाहत्यांचा वाटा किती?

‘कल्ट’ मालिका कशाला म्हणतात?

प्रेक्षकसंख्या मोठी असणे आणि प्रेक्षक निष्ठावंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कौटुंबिक मालिका लाखो घरांत पाहिली जाते आणि संपल्यावर तिची जागा दुसरी घेते. कल्ट मालिकेचा प्रेक्षक तुलनेने थोडा असतो, पण तो तिला सोडत नाही. भागांचे क्रमांक त्याला पाठ असतात, पात्रांच्या पोशाखातील चूक तो पकडतो आणि कथेत राहिलेली फट स्वतःच्या तर्काने भरतो. विज्ञानकथेत हे अधिक घडते, कारण तिला स्वतःचे जग रचावे लागते. यान कोणत्या इंधनावर चालते, परग्रहावरचे लोक कोणती भाषा बोलतात, काळात मागे गेलेला माणूस स्वतःलाच भेटला तर काय होईल? लेखकाने अर्धवट सोडलेल्या अशा प्रश्नांवर मधल्या सुटीत वाद घालता येतो. सासू-सुनेच्या भांडणावर तसा वाद घालता येत नाही. घातलाच तर तो घरातच मिटवावा लागतो.

यात टंचाईचाही वाटा मोठा होता. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, एकच संधी. वीज गेली किंवा पाहुणे आले, की तो भाग कायमचा हुकला. मग दुसऱ्या दिवशी मित्राकडून ऐकायचा आणि तो सांगताना हमखास भर घालायचा. आज एखाद्याला ‘सिग्मा’तील जो प्रसंग लख्ख आठवतो, तो त्याने पाहिलेला असतो की ऐकलेला, याची खात्री देणे अवघड आहे.

दूरदर्शनवर काय काय आले?

परदेशी मालिकांपासून सुरुवात झाली. अमेरिकेची ‘स्टार ट्रेक’ आणि महाकाय यंत्रमानवाला हुकूम सोडणाऱ्या मुलाची जपानी मालिका ‘जॉनी सोको’ या ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आल्या. ‘सिग्मा’वर ‘स्टार ट्रेक’ची छाप उघड होती. सेट साधे, यंत्रांवरचे दिवे लुकलुकणारे.

आनंद महेंद्रू यांची ‘इंद्रधनुष’ही १९८९ची. मुले घरीच संगणक जोडतात आणि त्याचा संबंध थेट देवयानी, म्हणजे अँड्रोमेडा दीर्घिकेशी येतो, अशी तिची कल्पना. ज्या काळात बहुतेक शाळांनी संगणक पाहिलाही नव्हता, त्या काळात तो गॅरेजमधल्या सामानातून करता येईल हे मुलांना पटले, हेच तिचे यश. गिरीश कार्नाड त्यात होते, तसेच पुढे दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आलेले करण जोहर आणि आशुतोष गोवारीकर हेही होते.

केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ १९९८मध्ये आली तोपर्यंत केबल घरोघरी पोहोचली होती. मिलिंद सोमण नायक, टॉम ऑल्टर विश्वप्रमुख, काळ इ. स. २१२३ आणि गुरूच्या एका उपग्रहावरील तुरुंगातून पळालेले बारा गुन्हेगार. संगणकीय दृश्ये आज पाहताना हसू येते. पण भारतीय मालिकेने सूर्यमालेचा नकाशा कथेचा पट म्हणून वापरावा, हे धाडस त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत फारसे कोणी केलेले नाही.

चाहत्यांनी मालिका वाचवली, हे कोठे घडले?

याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण ‘स्टार ट्रेक’चेच. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका दुसऱ्या वर्षीच बंद पडण्याच्या बेतात होती. बियो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या दाम्पत्याने पत्रमोहीम उभी केली. सही केलेला छापील अर्ज न पाठवता प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत, स्वतंत्र लिफाफ्यात लिहावे, असा त्यांचा आग्रह होता, कारण गठ्ठ्याने आलेल्या सह्या एकच पत्र म्हणून मोजल्या जातात. वाहिनीकडे इतकी पत्रे आली, की मार्च १९६८मध्ये एका भागानंतर मालिका सुरू राहणार असल्याची घोषणा पडद्यावर करावी लागली. मात्र पुढच्या वर्षासाठी तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. तरुण प्रेक्षक त्या वेळी घरात नसायचा. जून १९६९मध्ये ७९ भागांवर मालिका संपली.

तरीही ते तिसरे वर्ष निर्णायक ठरले. स्थानिक वाहिन्यांना रोज एक भाग दाखवायचा तर भागांचा साठा पुरेसा हवा असतो, आणि तिसऱ्या वर्षामुळे तो झाला. सत्तरच्या दशकात पुनःप्रक्षेपणातूनच ‘स्टार ट्रेक’ लोकप्रिय झाली. जानेवारी १९७२मध्ये न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांचा मेळावा भरला, तेव्हा काहीशे लोकांची अपेक्षा होती. आले तीन हजारांहून अधिक. चाहत्यांच्या पत्रांमुळेच १९७६मध्ये नासाच्या पहिल्या चाचणी शटलला मालिकेतील यानाचे, ‘एंटरप्रायझ’, हे नाव मिळाले. १९७९च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी डोक्यावरचे सगळे केस उतरवून भूमिका केली होती.

मग मालिका हरवतात कशा?

कोणी जाणूनबुजून नष्ट केल्या असे क्वचितच घडते. व्हिडीओ टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. कपाटातली जागा मर्यादित, पुनःप्रक्षेपणाचे करार संपलेले, आणि घरोघरी कॅसेट विकल्या जातील ही कल्पना तोवर कोणालाच नव्हती. ब्रिटनमध्ये बीबीसीने साठ आणि सत्तरच्या दशकात अशाच हिशेबाने असंख्य टेप पुसल्या. १९६३मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’चे पहिल्या सहा वर्षांतील सुमारे शंभर भाग त्यात गेले.

येथे चाहते कामाला आले. मालिका लागली, की टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज मुद्रित करणारी मुले त्या काळात ब्रिटनभर होती. चित्र साठवण्याचे साधन घरात नव्हते, म्हणून आवाज. त्यांच्यामुळे आज ‘डॉक्टर हू’च्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज उपलब्ध आहे आणि त्यावर ॲनिमेशन करून काही भाग नव्याने तयार करण्यात आले. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या फिल्मच्या प्रतीही अधूनमधून सापडतात. २०१३मध्ये नऊ हरवलेले भाग मिळाल्याचे जाहीर झाले, ते नायजेरियातील जोस शहरातल्या एका प्रक्षेपण केंद्रातून.

मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे एक उदाहरण मात्र इतके सुदैवी नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी जॉन एलियट यांच्यासह लिहिलेली ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका बीबीसीने ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६१मध्ये दाखवली. अवकाशातून आलेल्या संदेशात एक संगणक कसा बांधावा याची माहिती असते आणि शास्त्रज्ञ तो बांधतात, अशी कथा. अभिनेत्री ज्युली ख्रिस्ती यांची ही पहिली महत्त्वाची भूमिका. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली एक मराठी तरुण संशोधन करत होता: जयंत नारळीकर. गुरूने विज्ञान सांगण्यासाठी कथेचा आधार घेतला, तसा पुढे शिष्यानेही घेतला. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि तो लेखक नारळीकरच असल्याचे नंतर उघड झाले. नाव घेतले होते आपलीच आद्याक्षरे उलटी करून. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांच्या मराठी विज्ञानकथा कोणत्याही ग्रंथालयात मिळतात. हॉईल यांच्या मालिकेचा मात्र एकच पूर्ण भाग आज शिल्लक आहे, तोही २००५मध्ये एका खासगी संग्रहातून हाती आला. बाकी काही तुकडे आणि छायाचित्रे.

अँड्रोमेडा, संदेश आणि संगणक हे ‘इंद्रधनुष’शी असलेले साम्य योगायोगाचे असेल किंवा नसेलही. दोन्ही मालिका शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची सोय मात्र आता उरलेली नाही.

भारतीय मालिकांच्या टेप कोणाकडे असतात?

याचे उत्तर मालिकेगणिक बदलते आणि अडचणही तीच आहे. १९८४च्या ‘हम लोग’पासून दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांची पद्धत रुळली. खासगी निर्माता मालिका तयार करी, दूरदर्शनला प्रक्षेपण शुल्क देई आणि बदल्यात मिळालेला जाहिरातीचा वेळ विकून खर्च वसूल करी. अशा मालिकेची मूळ टेप आणि हक्क अनेकदा निर्मात्याकडे राहत. दूरदर्शनने स्वतः केलेले कार्यक्रम त्यांच्या संग्रहात. निर्मितीसंस्था बंद पडली, भागीदार वेगळे झाले किंवा वारसांना टेपचे मोल कळले नाही, तर मालिका कुठल्या तरी गोदामात पडून राहते. टेप आहे पण हक्क कोणाचे ते ठरत नाही, किंवा हक्क आहेत पण टेप खराब झाली, अशी दुहेरी कोंडी होते.

प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ हे ओटीटी व्यासपीठ सुरू केले आणि त्यावर ‘रामायण’, ‘महाभारत’, ‘शक्तिमान’, ‘हम लोग’ अशा मालिका आणल्या. पाऊल स्वागतार्हच. पण या मालिका तशाही हरवणार नव्हत्या. त्यांचा प्रेक्षक मोठा, त्यामुळे त्यांना जपणारेही पुष्कळ. धोका आहे तो थोड्यांनीच मनापासून पाहिलेल्या मालिकांना, आणि त्या आधी वाचवाव्यात असे कोणत्याही यादीत आपोआप ठरत नाही. तशी मागणी कोणी तरी नोंदवावी लागते. ट्रिंबल दाम्पत्याचा धडा येथेही लागू पडतो: सामूहिक अर्जापेक्षा मालिकेचे नाव, प्रक्षेपणाचे वर्ष आणि आठवतील ते भाग नमूद केलेले स्वतंत्र पत्र संग्रह सांभाळणाऱ्याला अधिक उपयोगी असते.

घरच्या कॅसेटचे काय करावे?

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी व्हीसीआर होता, त्यांनी लग्नाच्या शूटिंगच्या शेवटी उरलेल्या टेपवर टीव्हीवरचे कार्यक्रम मुद्रित केलेले असू शकतात. म्हणून ‘विवाह समारंभ’ असे लिहिलेली कॅसेटही शेवटपर्यंत पाहावी. ती लावण्याआधी खिडकीतून टेपवर पांढरे ठिपके दिसतात का ते बघावे. ती बुरशी असते आणि तशी कॅसेट लावली तर व्हीसीआरचे हेडही खराब होते. मराठवाड्याची कोरडी हवा बुरशीच्या बाबतीत पथ्यावर पडते, पण पत्र्याखालच्या माळ्यावरचा उन्हाळा टेपला मानवत नाही. कॅसेटच्या मागच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी तोडली, की तिच्यावर चुकून पुन्हा मुद्रण होत नाही. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घ्यावी, मगच चालवावी. यंत्र मिळवणे हे खरे अवघड काम. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि त्यानंतर नवे यंत्र बाजारात आलेले नाही. जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात एखादा चालू व्हीसीआर हाती लागला, तर तो भंगाराच्या भावात मिळाला तरी भंगार समजू नये.

कायद्याचा मुद्दा उरतो. प्रक्षेपणावरील वाहिनीचा हक्क २५ वर्षे टिकतो, म्हणजे १९८९च्या प्रक्षेपणाबाबत तो २०१४च्या अखेरीस संपला. मात्र मालिका ही कायद्याच्या भाषेत ‘चलचित्रपट’ असते आणि तिचा स्वामित्वहक्क ६० वर्षांचा असतो. त्यामुळे ‘सिग्मा’ आणि ‘इंद्रधनुष’वर तो २०४९च्या अखेरपर्यंत, तर ‘कॅप्टन व्योम’वर २०५८च्या अखेरपर्यंत राहील. खासगी वापरासाठी किंवा संशोधनासाठी प्रत जपण्याला कायदा काही मोकळीक देतो. ती इंटरनेटवर सर्वांसाठी टाकणे हा वेगळा विषय, तेथे हक्कधारकाची परवानगी लागते. घरात सापडलेला भाग उतरवून घ्यावा, मूळ कॅसेट फेकू नये आणि निर्माता किंवा प्रसार भारतीला तसे कळवावे. एखाद्या मालिकेचा संग्रहात नसलेला भाग परत आला आहे तो बहुतेक वेळा याच मार्गाने.