सम्यक आजीविका आणि संगणकाची साधने

तथागतांनी सांगितलेल्या आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका हे एक अंग आहे. आपल्या विहारांतून त्याचा अर्थ बहुधा असा सांगितला जातो की, उपजीविका प्रामाणिक असावी, लबाडी किंवा दारूचा धंदा करू नये. हे योग्यच आहे. परंतु ज्या समाजाची एक पिढी गिरणीत व नगरपालिकेत राबली, दुसरी कारकुनी करू लागली, त्याच समाजाची तिसरी पिढी आज पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात संगणकासमोर बसून सॉफ्टवेअर लिहीत आहे. या मुलामुलींपुढे सम्यक आजीविकेचा प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. एखाद्या कंपनीचे वर्तन आपल्याला अनैतिक वाटत असेल, तर तिने बनवलेली साधने वापरून आपण भाकरी कमवावी काय?

साधने म्हणजे काय, हे प्रथम पाहू. सुताराला रंधा व करवत लागते, तसे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला तयार कोड, तो ठेवण्याची जागा व तो तपासण्याची यंत्रणा लागते. यातील पुष्कळ साधने मोठ्या कंपन्यांनी घडवलेली असतात आणि बरीचशी फुकट मिळतात.

अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा व विषाचा. ज्याच्या विक्रीतूनच दुसऱ्याला इजा पोहोचते, असे हे धंदे आहेत. तसेच कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे, असेही भगवंतांनी सांगितले. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे विचाराला दिशा मिळते. इजा करणारी वस्तू स्वतः बनवणे ही एक गोष्ट. ती बनवणाऱ्याला पैसा व श्रम पुरवणे ही दुसरी. आणि त्याच माणसाने बनवलेली वेगळीच निरुपद्रवी वस्तू वापरणे ही तिसरी. तिन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. संकेतस्थळे बनवायला शिकणाऱ्या आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना 'रिॲक्ट' हे नाव ठाऊक असते. ते फेसबुक कंपनीत घडले व २०१३ साली सर्वांसाठी खुले झाले. त्याच फेसबुकवरून म्यानमारमध्ये रोहिंग्या मुसलमानांविरुद्ध द्वेष पसरवला गेला. २०१७ साली तेथील लष्कराच्या अत्याचारांमुळे ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ साली फेसबुकच्या भूमिकेवर ठपका ठेवला, आणि हिंसेला चिथावणी देण्यासाठी आपल्या माध्यमाचा वापर होऊ नये म्हणून आपण पुरेसे केले नाही, हे कंपनीनेही त्याच वर्षी मान्य केले. द्वेष पसरवणाऱ्यांत चीवर पांघरलेले काही भिक्खूही होते. हे लिहिताना आम्हा बौद्धांची मान खाली जाते, म्हणूनच ते लिहिणे आवश्यक आहे. दुसऱ्याच्या कंपनीकडे बोट दाखवताना आपल्या घरातील काळोखही पाहिला पाहिजे.

मग रिॲक्ट टाकून द्यावे काय? येथे साधनाचा परवाना पाहावा लागतो. २०१७ सालापासून रिॲक्ट 'एमआयटी' नावाच्या परवान्याखाली मिळते. याचा अर्थ असा की, ते वापरण्यास पैसे लागत नाहीत, संपूर्ण कोड आपल्या हाती असतो, तो बदलता येतो, आणि एकदा दिलेला कोड कंपनीला परत घेता येत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये रिॲक्टचा कारभार स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपवण्याची घोषणाही झाली. अर्थात फुकट साधन म्हणजे निव्वळ दानधर्म नव्हे. हजारो लोक ते वापरतात, त्यातील दोष दाखवतात, आणि कंपनीला शिकलेले मनुष्यबळ आयते मिळते. तरीही एका विद्यार्थ्याने ते न शिकल्याने म्यानमारमधील एकाही कुटुंबाचे दुःख कमी होत नाही. त्या विद्यार्थ्याची नोकरी मात्र जाऊ शकते. आमच्या मते असा त्याग करण्याचे बंधन कोणावर घालू नये.

सेवेची गोष्ट निराळी आहे. 'गिटहब' ही कोड ठेवण्याची जागा मायक्रोसॉफ्टने २०१८ साली विकत घेतली. स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या 'आईस' या अमेरिकन सरकारी खात्याशी असलेला करार गिटहबने २०१९ साली पुढे चालू ठेवला, तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांनी व अनेक डेव्हलपरांनी पत्रे लिहून विरोध केला. कंपनीने ५ लाख डॉलरची देणगी जाहीर केली, परंतु करार सोडला नाही. पुढे जून २०२२ मध्ये 'सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी' या संस्थेने गिटहब सोडण्याचे आवाहन केले. त्याचे मुख्य कारण म्हणजे लोकांच्या खुल्या कोडवर घडवलेली 'कोपायलट' ही सशुल्क सेवा. येथे आपला कोड, आपली माहिती व कधी आपला पैसाही कंपनीच्या ताब्यात जातो. म्हणून सेवा सोडण्याला अर्थ आहे, आणि ते शक्यही आहे. ज्या 'गिट' पद्धतीवर ही जागा चालते, ती लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केली व ती मुक्त आहे. आपले काम मागील सर्व नोंदींसह उचलून 'कोडबर्ग'सारख्या ना-नफा संस्थेकडे नेता येते.

परंतु कंपनीला खरोखर हालवते कोण? 'शेफ' ही सर्व्हर सांभाळण्याचे सॉफ्टवेअर बनवणारी सिएटलची कंपनी. तिचाही 'आईस' खात्याशी करार असल्याचे सप्टेंबर २०१९ मध्ये लोकांसमोर आले. तिचे माजी कर्मचारी सेथ वार्गो यांनी १९ सप्टेंबर रोजी स्वतः लिहिलेला खुला कोड काढून घेतला आणि शेफच्या ग्राहकांची कामे अडली. त्यांत ज्यांचा काहीच दोष नव्हता असेही होते. परवान्याने मुभा असल्यामुळे कंपनीने तोच कोड पुन्हा चढवला. तिच्या प्रमुखांनी प्रथम कराराचे समर्थन केले. मात्र बोभाटा झाला, कर्मचाऱ्यांतही नाराजी होती, आणि अवघ्या चार दिवसांत मुदत संपल्यावर करार पुढे न चालवण्याची घोषणा झाली. कोड तर परत जागेवर आला होता. कंपनीला झुकवले ते घडवणाऱ्यांच्या उघड नकाराने.

याआधीचा एक दाखला अधिक बोलका आहे. १९७० साली अमेरिकेतील पोलरॉइड कंपनीत काम करणारे केन विल्यम्स व कॅरोलिन हंटर या दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना कळले की, दक्षिण आफ्रिकेतील पासबुकांच्या छायाचित्रांसाठी आपल्या कंपनीचे तंत्र वापरले जाते. हे बँकेचे पासबुक नव्हे. कृष्णवर्णीय माणसाने कोठे राहावे, कोठे जावे हे ठरवणारे ते सक्तीचे पुस्तक होते. दोघांनी सहकारी जमवले, पत्रके काढली, बहिष्काराची हाक दिली. कॅरोलिन हंटर यांना नोकरी गमवावी लागली. शेवटी १९७७ साली, तेथील विक्रेता सरकारला चोरून माल देतो हे उघड झाल्यावर, कंपनीने दक्षिण आफ्रिकेतील विक्री थांबवली. सात वर्षे लागली.

बहिष्काराचे बळ आपल्या समाजाला नव्याने समजावून सांगावे लागत नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली सुरू केलेल्या पाक्षिकाचे नावच 'बहिष्कृत भारत' होते. हक्क मागितला की गाव एक होई, दुकानदार मीठ-तेल देत नसे, शेतावरचे काम बंद होई. त्या अनुभवाने दोन गोष्टी शिकवल्या. बहिष्कार परिणामकारक होतो तो संघटितपणामुळे. आणि दुबळ्याने एकट्याने बलाढ्यावर घातलेला बहिष्कार बलाढ्याला जाणवतही नाही, उपाशी राहतो तो दुबळाच.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, कोणतेही साधन हाती घेताना स्वतःला चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवतो. पहिला, माझ्या वापरामुळे त्या कंपनीला पैसा, माहिती, श्रम यांपैकी नेमके काय मिळते? दुसरा, मी जे लिहीत आहे त्यानेच कोणाला इजा होते काय? तिसरा, दुसरे साधन उपलब्ध आहे काय, आणि त्याची किंमत मला झेपेल काय? चौथा, माझ्यासोबत आणखी कोणी आहे काय? यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर बाकीच्यांना महत्त्व उरत नाही. ते काम नाकारावे, किंवा ते सोडण्याची तयारी सुरू करावी. उत्तर 'नाही' असेल, तर उरलेल्या तीन प्रश्नांचा तोल पाहून ठरवावे.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. संगणकावर कोणती प्रणाली असावी, हे आम्हाला कोणी विचारत नाही. नव्याने नोकरीस लागलेल्या मुलालाही कोणी विचारत नाही. ज्याला निवड नाही, त्याला दोष देणे न्यायाचे नाही. पण तोच मुलगा दहा वर्षांनी साधने निवडणाऱ्यांच्या खुर्चीत बसतो. तेव्हा मात्र 'सगळेच वापरतात' हे उत्तर पुरेसे ठरणार नाही. ऐकीव गोष्टीवर किंवा रूढीवर न विसंबता स्वतः पारखून घ्यावे, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. कंपनीवरील आरोपही तसेच पारखावेत आणि कंपनीची जाहिरातही.

तोवर विद्यार्थ्यांनी शिकावे, मन लावून शिकावे. एकाच कंपनीच्या साधनावर आपले पोट अवलंबून राहू नये म्हणून मुक्त साधनेही हाताखाली घालावीत. आणि कामाच्या ठिकाणी न्यायाची चाड असलेले सहकारी जोडावेत. नकार देण्याची पाळी आली, तर तो देणारा एकटा पडू नये, एवढी बांधणी आजपासून करता येईल. आपल्या मंडळाच्या अभ्यासवर्गात या विषयाला एक संध्याकाळ द्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

जयभीम!