दगडाचा कल बदलताना

चुनखडीची जाड चकती काचेच्या चौकोनी पात्रात, खाऱ्या पाण्याखाली दोन टेकूंवर आडवी ठेवलेली असते. पुण्यातल्या पेट्रोलियम अभियांत्रिकीच्या एका प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थिनी खालून वाकड्या सुईची सिरिंज सरकवते आणि क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, एक थेंब सोडते. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे थेंब वर जातो आणि चकतीच्या पोटाला टेकतो. इथपर्यंत सगळे थेंब सारखेच वागतात. पुढे काय होतं ते दगडावर अवलंबून.

ही पहिली चकती कित्येक दिवस क्रूडमध्ये बुडवून ओव्हनमध्ये मुरवलेली आहे. थेंब टेकतो आणि पसरायला लागतो. पडद्यावर त्याची कड हळूहळू बाहेर सरकताना दिसते. शेवटी उरतो चपटा, काळपट डाग. पाण्याच्या बाजूने मोजलेला कोन ९० अंशांच्या बराच वर जातो. म्हणजे दगडाला पाण्यापेक्षा तेल जवळचं. दुसरी चकतीही तशीच मुरवलेली, पण नंतर सिलिकाच्या नॅनोकणांच्या द्रावात ठेवलेली. तिच्यावर थेंब पसरतच नाही. मण्यासारखा गोल राहतो आणि टेबलाला जरा धक्का लागला की घरंगळत कडेला जाऊन सुटतो. दगडाच्या या आवडीनिवडीला इथे सगळे ‘वेटेबिलिटी’ म्हणतात.

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर समुद्रात असलेलं मुंबई हाय हे प्रामुख्याने चुनखडीचंच तेलक्षेत्र. ‘सागर सम्राट’ने १९७४ साली तिथे तेल शोधलं आणि १९७६ पासून ते निघू लागलं. असं तेल भूगर्भात तळ्यासारखं साठलेलं नसतं, ते दगडाच्या बारीक छिद्रांत अडकलेलं असतं. चुनखडीचा पृष्ठभाग बहुधा धन भाराचा आणि क्रूडमधल्या आम्लांचं टोक ऋण भाराचं, त्यामुळे ती आम्लं दगडाला घट्ट धरतात आणि छिद्रांच्या भिंती तेलाळतात. मग विहिरीतून कितीही पाणी दाबा, ते रुंद वाटांनी निघून जातं. अरुंद छिद्रांत ते आपणहून शिरत नाही. जगभर साठ्यातलं निम्म्याहून जास्त तेल जमिनीतच राहतं, त्याची कारणं अनेक, पण त्यांत हेही एक मोठं.

नॅनोकण इथे दोन कामं करतात. ते भिंतीवर बसून तिला पाण्याकडे वळवतात, हे झालं सोपं काम. दुसरं जास्त देखणं आहे. तेल, पाणी आणि दगड जिथे भेटतात, तिथे पाण्याची पाचरीसारखी पातळ फट असते. कण त्या फटीत शिरून थरांनी रचले जातात आणि त्या रचनेचा दाब तेलाची कड दगडापासून उचलतो. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले दर्श वासन आणि अ‍ॅलेक्स निकोलोव यांनी २००३ साली ‘नेचर’मध्ये याची मांडणी केली. तेलक्षेत्रातले लोक तेव्हापासून त्या पाचरीच्या मागे आहेत.

एवढं सगळं चकतीवर जमतं. पण तो द्राव बनवताना पाहिला, की उत्साह जरा आवरावा लागतो. सिलिकाची पांढरी पूड शुद्ध पाण्यात टाकून सोनिकेटरची, म्हणजे ध्वनिलहरींनी कण सुटे करणाऱ्या यंत्राची, दांडी आत सोडली, की कानठळ्या बसवणारा किंचाळता आवाज सुरू होतो. मधूनमधून थांबून बीकर बर्फात ठेवावं लागतं, नाहीतर द्राव तापतो. शेवटी हाती येतं ते जवळजवळ पारदर्शक, किंचित निळसर झाक असलेलं पाणी. आता त्यात समुद्राच्या पाण्याइतकं मीठ घाला. लिटरला ३५ ग्रॅम क्षार, त्यात साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम. कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार हे क्षार झाकून टाकतात. पाणी दुधाळ होतं, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षानळीच्या तळाशी पांढरा गाळ दिसतो. “सर, परत बसलं,” विद्यार्थिनी सांगते. सर नुसती मान हलवतात. समुद्रातल्या क्षेत्रात दाबायला समुद्राचंच पाणी हाताशी असतं, त्यामुळे ही अडचण टाळता येत नाही.

आम्ल घातलं तर सिलिका खाऱ्या पाण्यातही तग धरते. पण चुनखडीवर आम्ल पडलं की ती फसफसते आणि आम्ल तिथेच संपून जातं. म्हणून कणांवर सिलेन किंवा पॉलिमरचं वेष्टण चढवायचा मार्ग उरतो. तो चालतो, मात्र महाग पडतो.

खरी परीक्षा चकतीची नाही, दगडाच्या दंडगोल तुकड्याची. तेलाने भरलेला हा प्लग द्रावाने भरलेल्या काचपात्रात उभा केला जातो. पात्राची मान अरुंद आणि अंशांकित. नुसत्या खाऱ्या पाण्यात तेलाळलेला प्लग ढिम्म राहतो. नॅनोद्रावात काही वेळाने त्याच्या अंगावर घाम फुटावा तसे तपकिरी थेंब दिसू लागतात, फुगतात, सुटतात आणि वर मानेत जमा होतात. तेव्हा चालू गप्पा थांबतात. पण त्याच द्रावाचे कण गोळा झाले असतील, तर ते छिद्रांची तोंडं बुजवतात आणि प्लगमधून पाणी ढकलायला आधीपेक्षा जास्त दाब लागतो.

वायूच्या काही विहिरींत उलटं काम असतं. तिथे विहिरीलगतच्या दगडात वायूतून सुटलेलं द्रवरूप कंडेन्सेट साचून वायूची वाट अडवतं. म्हणून फ्लोरिनयुक्त वेष्टणाचे कण वापरून दगड अळवाच्या पानासारखा करायचा, ज्यावर पाणीही ठरू नये आणि तेलही.

प्रत्यक्ष क्षेत्रावर काय? सौदी अरेबियातल्या घवार क्षेत्राच्या चुनखडीत अराम्कोने कार्बनचे नॅनोकण विहिरीत सोडले आणि त्यातले बहुतेक परत वर आणले. तो प्रयोग दगडाचा कल बदलण्याचा नव्हता, पण कण आत जाऊन परत येऊ शकतात हे त्याने दाखवलं. कोलंबियात कास्तिया आणि चिचिमेने या जड तेलाच्या क्षेत्रांत नॅनोद्राव विहिरींत सोडून चाचण्या झाल्या. पण त्या विहिरीच्या भोवतालच्या दगडापुरत्या. अख्ख्या साठ्यात कण पसरवणं ही वेगळीच गोष्ट आहे.

म्हणून या विषयावरचा शोधनिबंध हाती पडला, तर ‘इतके टक्के जास्त तेल’ हा आकडा नंतर वाचावा. आधी पाणी कोणतं वापरलं ते पाहावं. शुद्ध पाण्यात केलेला प्रयोग असेल, तर तो आकडा मुंबई हायच्या कामाचा नाही.