फुकट ते पौष्टिक?

आपल्या सोनईच्या होस्टेलवर हल्ली ताटाआधी मोबाईल उघडतो. कॅलरी मोजणारं फुकट ॲप! मीही ते वापरतो, म्हणून हे चार शब्द.

आधी फायदा. एक ग्रॅम कर्बोदकं किंवा प्रथिनं म्हणजे ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ म्हणजे ९. पुस्तकातलं हे गणित ॲपमुळे ताटात दिसतं. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम तेलाच्या ४५ कॅलरी! हे कळलं की रश्श्यावरची तर्री आपोआप कमी घेतली जाते.

आता खर्च. ॲपमध्ये आपण 'एक भाकरी' लिहितो. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० कॅलरी. मेसच्या मावशींची भाकरी ६० ग्रॅम पिठाची की ९० ची? फरक शंभर कॅलरींचा! इनपुट चुकलं की आउटपुट चुकणारच. तो आकडा खरा मानून कुणी उपाशीपोटी वर्कशॉपला उभं राहू नये.

दुसरा खर्च माहितीचा. वय, वजन, जेवणाच्या वेळा आपणच भरून देतो. २०१८ मध्ये मायफिटनेसपाल या ॲपच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली; त्यात ईमेल पत्तेही होते. २०२२ मध्ये त्याच ॲपनं फुकट मिळणारं बारकोड स्कॅनिंग पैसे भरणाऱ्यांपुरतं ठेवलं. आधी सवय, मग बिल!

तेव्हा मेसच्या काट्यावर एकदा पीठ तोला, भाकऱ्यांनी भागा. पंधरा दिवस नोंदी करा. अंदाज बसला की खातंच डिलीट करा. नुसतं ॲप काढून माहिती पुसली जात नाही. आणि भूक लागली, तर आकडा न बघता पोटभर जेवा!