आधी महिना, मग देश, शेवटी बॅग

कोल्हापूरचा आफ्रिकेतील वन्यजीवांशी संबंध पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा बराच जुना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले असत, आणि देशी चित्ता दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून मागवले जात. अशी आयात करणारे दुसरे मोठे संस्थान भावनगर. १९१८ ते १९४५ या काळात सुमारे दोनशे चित्ते आफ्रिकेतून भारतात आले, असा अंदाज भारतीय चित्त्याचा इतिहास लिहिणाऱ्या दिव्यभानुसिंह यांनी मांडला आहे. मागवावे लागत, कारण चित्त्याची मादी कैदेत सहसा वीत नाही. जहांगीर बादशहाच्या पदरी १६१३ मध्ये पिल्ले झाल्याची एक नोंद सोडली, तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाळीव चित्त्याच्या विणीचा दाखला मिळत नाही. म्हणजे दरबाराने काय केले, तर आफ्रिकेतले जनावर आपल्या माळावर आणि आपल्या सोयीच्या दिवशी आणून घेतले. आज कोल्हापुरातील डॉक्टर, उद्योजक किंवा निवृत्त प्राध्यापक त्याच आफ्रिकेत जायला निघतो, तेव्हा हा व्यवहार उलटा झालेला असतो. आता जनावराच्या सोयीने आपल्याला जायचे आहे. आपली तयारी मात्र अजून दरबारी थाटाचीच दिसते. सुट्टी आपली, तारीख आपली, जेवण आपले आणि सिंहाने तेवढे वेळेवर हजर राहायचे.

‘सफारी’ हा शब्द मुळात ‘सफर’चा भाऊ. अरबी ‘सफर’ स्वाहिलीत गेला आणि त्याचा अर्थ साधा ‘प्रवास’ असाच राहिला. आपल्याकडे तो फारसीच्या वाटेने आला. पण युरोपची सफर आणि आफ्रिकेची सफारी यांची आखणी एकाच पद्धतीने करता येत नाही. आयफेल टॉवर मे महिन्यातही जागेवर असतो आणि नोव्हेंबरातही. सेरेंगेटीतले विल्डबीस्ट तसे नसतात. म्हणून या तयारीचा क्रम असा हवा : आधी महिना, त्यावरून देश, मग लस आणि कागदपत्रे, आणि बॅग सगळ्यांत शेवटी. प्रत्यक्षात बहुतेक घरांत बॅगेची खरेदी आधी होते आणि तिथे कोणत्या महिन्यात पाऊस असतो, हा प्रश्न विमानाची तिकिटे निघाल्यावर कोणाला तरी सुचतो.

टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचे आहे. अख्खा कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटरचा, तेव्हा उद्यान जिल्ह्याच्या जवळजवळ दुप्पट. आपले राधानगरी अभयारण्य ३५१. सेरेंगेटीला उत्तरेकडून केनियातील सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे मसाई मारा जोडलेले आहे. या सलग गवताळ प्रदेशात सुमारे तेरा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखोंनी झेब्रे वर्षभर फिरत असतात. विषुववृत्त जवळ असल्याने तिथे आपल्यासारखा एक पावसाळा नसून दोन असतात. मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. डिसेंबर ते मार्च कळप दक्षिणेकडील एन्डुटूच्या आखूड गवताच्या मैदानात असतात. तिथल्या मातीत ज्वालामुखीची राख मिसळलेली असल्याने गवत खनिजांनी भरलेले असते आणि बहुतेक वासरे फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. पुढे कळप पश्चिमेकडे, मग उत्तरेकडे सरकतात. जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या दोन्ही तीरांवर त्यांची ये-जा चालते. छोटा पाऊस सुरू झाला की पुन्हा दक्षिणेची वाट. चाऱ्यामागे आणि पावसामागे मेंढरे फिरवणाऱ्या आपल्या धनगराला हे गणित वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शहरातल्या माणसाला मात्र लागते, कारण त्याचे वर्ष शाळेच्या वेळापत्रकावर चालते.

आणि शाळेचे वेळापत्रक नेमके मोठ्या पावसावर बोट ठेवते. आपली मोठी सुट्टी मे महिन्यात. त्या वेळी मारात सवलती मिळतात, प्रवेशशुल्कही कमी असते : परदेशी प्रौढाला जानेवारी ते जूनमध्ये दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबरात २००. स्वस्ताईचे कारण जमिनीत आहे. मारा आणि सेरेंगेटीच्या मोठ्या भागात काळी चिकट माती आहे, तिला तिकडेही ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ असेच म्हणतात. शिरोळ तालुक्यात पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतलेला ज्याने पाहिला आहे, त्याला त्या मातीत जीपचे काय होते हे सांगायला नको. गवत कमरेएवढे वाढलेले, पाणी जागोजागी साचलेले, त्यामुळे जनावर पाण्याच्या ठरावीक जागी येत नाही. ते कुठेही असू शकते. काही तंबूछावण्या एप्रिल-मेमध्ये सरळ बंदच असतात.

यावर पहिला आणि रास्त आक्षेप असा, की पोरांच्या शाळा आणि दवाखान्याच्या रजा विल्डबीस्टला विचारून ठरत नाहीत. मान्य. पण सुट्टी बदलत नसेल, तर देश बदलता येतो, आणि आफ्रिका हा काही एक देश नव्हे. मे महिन्यात विषुववृत्ताच्या दक्षिणेला हिवाळ्याची सुरुवात असते आणि दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर, नामिबियातील एटोशा किंवा बोट्स्वाना या भागांत हा हिवाळा कोरडा असतो. पाने गळू लागतात, झुडपांमागचे दिसू लागते आणि पाणवठे कमी झाल्याने जनावरे उरलेल्या पाण्याकडे येतात. ऑगस्ट-सप्टेंबरइतका हा काळ उत्तम नाही, तरी केनियातल्या मे महिन्यापेक्षा कितीतरी बरा, डासही कमी. चित्त्याचेच वेड असेल, तर हा भाग आपल्याला परका नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनोत सोडलेले आठ चित्ते नामिबियाचे होते आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी आलेले बारा दक्षिण आफ्रिकेचे. नाताळच्या सुट्टीला एन्डुटू, मेला क्रूगर, एवढी साधी अदलाबदल केली तरी निम्मी निराशा टळते.

दिवाळीची सुट्टी त्याहून अवघड, कारण ती एका जागी थांबत नाही. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला. अठरा दिवसांचा हा फरक घरच्या फराळाला जाणवत नाही, पण मारा नदीवर फार मोठा ठरतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात कळप तिथे भेटण्याची चांगली शक्यता असते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बहुतेक कळप दक्षिणेकडे निघालेले असतात. ‘गेल्या वर्षी शेजारी दिवाळीत गेले होते, त्यांनी कळप नदी ओलांडताना पाहिले’ हा पुरावा म्हणूनच पुढच्या दिवाळीला लागू पडत नाही. पाऊस आपले पंचांग पाहत नाही.

दुसरा आक्षेप, हे सगळे टूर कंपनी बघते, आपण कशाला डोके चालवायचे? कंपनी वाहन, मुक्काम, परवाने उत्तम बघते. पण तिच्या सहलींच्या तारखा गिऱ्हाइकांच्या सुट्ट्यांवरून ठरतात, गवतावरून नव्हे. आणि आठ दिवसांत पाच उद्याने दाखवणाऱ्या कार्यक्रमाला गिऱ्हाईक जास्त, म्हणून तोच छापला जातो. नैरोबीहून मारा गाठायलाच पाच-सहा तास मोडतात. रोज मुक्काम हलवला, तर पहाटेच्या आणि सांजेच्या, म्हणजे जनावर हलण्याच्या वेळा रस्त्यातच जातात. एका जागी तीन रात्री हव्यात, आणि प्रत्येकाला खिडकीची जागा हवी. एवढे दोन मुद्दे लेखी मागून घेतले, की कंपन्यांमधला फरक चटकन दिसतो.

शिवाय एक गोष्ट कोणतीच कंपनी प्रवाशाच्या वतीने करू शकत नाही, ती म्हणजे पिवळ्या तापाची लस. केनिया, युगांडा हे पिवळ्या तापाचे देश. तिथून परतताना प्रमाणपत्र नसेल, तर भारतात विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते, सहा दिवसांपर्यंत. हा नियम वरकरणी जाचक वाटतो. पण त्यामागचे कारण कोल्हापूरकराच्या ओळखीचे आहे. पिवळा ताप पसरवणारा एडिस डास हाच डेंग्यूचा डास. तो आपल्या कुंड्यांत आणि पाण्याच्या टाक्यांत भरपूर आहे. विषाणू तेवढा भारतात आलेला नाही. डास, दाट वस्ती आणि लस न घेतलेली माणसे असे सगळे जमलेले असताना एका आजारी प्रवाशाचीच काय ती उणीव, आणि लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. सहाचा आकडा तिथून आला. लस मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणच्या अधिकृत केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. लस जिवंत विषाणूची असल्याने साठीपुढच्यांनी आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायला हवे. आजी-आजोबांसह निघणाऱ्या कुटुंबाचा देश कधीकधी या एका लसीवरूनच ठरतो. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना हे पिवळ्या तापाचे देश नाहीत. फक्त नैरोबी किंवा अदिस अबाबात बारा तासांहून अधिक थांबून तिकडे जाणार असाल, तर दक्षिण आफ्रिकाही तोच कागद मागते.

आता बॅग. तिच्यावर एवढी चर्चा होते, पण तिचा निकाल छोट्या विमानाच्या तराजूवर लागलेला असतो. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छावण्यांकडे जाणाऱ्या डझनभर आसनांच्या विमानांत बहुधा माणशी १५ किलो सामान चालते. त्यात हातातली पिशवी आणि कॅमेराही आला. बॅग मऊ कापडाची हवी, कारण विमानाच्या पोटातल्या अरुंद कप्प्यात चाकांची टणक बॅग बसत नाही. म्हणजे लग्नात मिळालेली ती मोठी सूटकेस आपोआप बाद. कपडे तीन-चार जोड पुरतात, बहुतेक छावण्यांत धुऊन मिळतात. रंग खाकी किंवा मातकट, आणि हे काही शिकाऱ्याचे सोंग नव्हे. सेरेंगेटीत त्सेत्से माशी आहे आणि तिला गडद निळा व काळा रंग खेचतो; तिला पकडायचे सापळेच निळ्या-काळ्या कापडाचे करतात. नवी जीन्स घरी राहू द्यावी. लष्करी छापाचे कपडे झिंबाब्वे आणि झांबियात नागरिकांना चालत नाहीत, तेही नकोत. आपल्याकडे आफ्रिका म्हणजे उकाडा ही समजूत इतकी घट्ट आहे की स्वेटर हमखास राहतो. गोरोंगोरो विवराची कड सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षा जवळजवळ हजार मीटर वर; क्रूगरमध्ये जून-जुलैच्या पहाटे उघड्या जीपमध्ये पारा दहाच्या खाली असतो. कानटोपी न्यावी, कोणी हसले तरी.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये आणि टांझानियाने जून २०१९ मध्ये बंदी घातली आणि ती कागदावरची नाही. महाराष्ट्रातही बंदी २०१८ पासून आहे, पण ती मंडईत कितपत दिसते हे सर्वांना ठाऊक आहे. त्या सवयीने चपला कॅरीबॅगेत गुंडाळून नेऊ नयेत. प्लगचे एक गमतीचे. केनियात चौकोनी तीन पिनांचा प्लग लागतो, त्याचा अडॅप्टर न्यावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत मात्र जागोजागी आपल्याकडे गीझरला असतो तोच जाड गोल पिनांचा सॉकेट दिसतो. दुर्बीण कॅमेऱ्याआधी घ्यावी आणि माणशी एक. ८ बाय ४२ ची पुरते. कॅमेरा टेकवायला तिपाई जीपमध्ये निरुपयोगी. रिकामी कापडी पिशवी न्यावी आणि तिथे पोहोचल्यावर तीत राजमा किंवा तांदूळ भरावा. दोन किलो वजन वाचते.

खरी ओढाताण खाण्यावरून होते. पंधरा किलोंतले पाच किलो भडंग, चकल्या, भाजणी आणि कांदा-लसूण चटणीला देणारी कुटुंबे कमी नाहीत. त्यांची बाजू पोकळ नाही. मधुमेह असलेल्याला वेळेवर ओळखीचा घास लागतो, जैन कुटुंबाला कंदमुळांचा प्रश्न असतो, आणि आठवडाभर बेचव जेवणाने माणूस कातावतो हेही खरे. पण पूर्व आफ्रिका आपल्या स्वयंपाकाला अनोळखी नाही. स्वाहिलीत चपातीला ‘चपाती’, चहाला ‘चाय’ आणि दुकानाला ‘दुका’ म्हणतात. हे शब्द हिंदी महासागरावरच्या व्यापाराने तिकडे रुजवले. शाकाहारी जेवण आधी कळवले तर मिळते. तंबूत उघडा फराळ ठेवणे ही मात्र केवळ वजनाची बाब राहत नाही. माकडे आणि बबून तंबूची चेन उघडायला शिकलेले असतात, आणि खाण्याच्या वासावर हत्तीही येतो. दाजीपूरला गवा दिसावा म्हणून कोणी पिशवीत चकल्या ठेवून झोपत नाही. चटणीची एक छोटी बरणी न्यावी, ती जेवणाच्या तंबूत सोपवावी, बाकीचे डबे कोल्हापुरातच राहावेत.

बॅगेत न मोडणारी पण सगळ्यांत जास्त दिवस सोबत राहणारी वस्तू म्हणजे मलेरियाच्या गोळ्या. पूर्व आफ्रिकेतला मलेरिया प्रामुख्याने फाल्सिपॅरम जातीचा, म्हणजे जीवघेणा ठरू शकणारा, आणि जुन्या क्लोरोक्विनला तो दाद देत नाही. कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टर ठरवतील, पण डॉक्सीसायक्लिन असेल तर ती परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. इथेच बहुतेकांचे चुकते. घरी पोहोचलो म्हणजे प्रवास संपला असे वाटते, फोटो पाठवून होतात, मऊ बॅग माळ्यावर जाते आणि पाकिटात गोळ्या उरतात. पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर फॅमिली डॉक्टर साहजिकच डेंग्यूच्या अंगाने पाहतील. त्यांना तापाचा आकडा सांगण्याआधी आफ्रिकेहून कोणत्या तारखेला परतलो ते सांगायचे.